ऑटेनडॉर्फर, ॲना

ऑटेनडॉर्फर, ॲना : (१८१५–१ एप्रिल १८८४). न्यूयॉर्कमधील ‘न्यूयॉर्कर श्टाट्स-त्साइटुंग’ या जर्मन भाषेतील वृत्तपत्राच्या मालक व व्यवस्थापक आणि रुग्णालय, वृद्धाश्रम व शिक्षण यांसाठी मोठ्या देणग्या देणाऱ्या दानशूर स्त्री. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या जर्मन कुटुंबांच्या दुकानांत, बेकऱ्यांत, छापखान्यांत घरची स्त्री नवऱ्याच्या जोडीने राबत असे, पण पाटीवर आणि कागदोपत्री नाव नवऱ्याचेच लागे. तिचा वाटा उजेडात यायचा तो बहुधा वैधव्य आल्यावर. ॲना यांचे आयुष्य या परिस्थितीचे ठळक उदाहरण आहे.

त्यांचा जन्म बव्हेरियातील व्युर्त्सबुर्ग येथे झाला. माहेरचे आडनाव सार्टोरियस. १८३६ च्या सुमारास त्या अमेरिकेत आल्या आणि पुढे याकोब उल या मुद्रकाशी त्यांचा विवाह झाला. १८४४ मध्ये या जोडप्याने पैसे सवडीने फेडण्याच्या बोलीवर एक लहानसा छापखाना घेतला. १८३४ मध्ये सुरू झालेले श्टाट्स-त्साइटुंग हे साप्ताहिक तेथेच छापले जाई, आणि वर्षभरात त्यांनी ते साप्ताहिकही विकत घेतले. त्या काळात ॲना छपाईचे खिळे जुळवण्यापासून पत्रव्यवहार आणि हिशेब पाहण्यापर्यंत पडेल ते काम करत होत्या व त्याच वेळी मुलांचेही पाहत होत्या. साप्ताहिक आधी आठवड्यातून तीनदा आणि मग १८४९ पासून रोज निघू लागले. जर्मन राज्यांतील १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर जर्मन भाषक मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला येत होते, त्यामुळे वाचकांची वाण नव्हती. वाण होती ती भांडवलाची, आणि ती घरच्याच माणसांच्या श्रमांनी भरून काढली जात होती.

१८५२ मध्ये याकोब वारले. सहा मुलांची आई असलेल्या सदतिशीच्या विधवेने धंदा विकून मोकळे व्हावे, असाच त्या काळचा रिवाज होता, आणि गिऱ्हाइकेही पुढे आली होती. ॲना यांनी ती सगळी परत पाठवली आणि वृत्तपत्राची धुरा स्वतःकडे घेतली. पुढची सात वर्षे त्या एकट्याने कारभार पाहत होत्या. त्यांच्या चरित्रातला हाच सर्वांत महत्त्वाचा काळ असूनही नंतरच्या देणग्यांच्या गौरवात तो बराचसा झाकला गेला आहे.

ओस्वाल्ड ऑटेनडॉर्फर हे मोराव्हियातील (आजचे चेक प्रजासत्ताक) त्सविटाऊचे. व्हिएन्नातील १८४८ च्या उठावात भाग घेऊन परागंदा झालेले तरुण. ते १८५१ पासून याच कचेरीत नोकरीला होते आणि १८५८ मध्ये संपादक झाले. १८५९ मध्ये ॲना यांनी त्यांच्याशी विवाह केला. या विवाहाची कायदेशीर बाजू पाहण्यासारखी आहे. इंग्लंडकडून आलेल्या जुन्या कायद्यानुसार स्त्रीची जंगम मिळकत विवाहाबरोबर नवऱ्याच्या हाती जात असे. न्यूयॉर्क राज्याने १८४८ मध्ये कायदा करून, विवाहाच्या वेळी स्त्रीच्या मालकीची असलेली मिळकत पुढेही तिचीच राहील, असे ठरवले. स्वतःच्या कष्टाच्या कमाईवर तिचा हक्क मात्र १८६० च्या कायद्याने मान्य झाला. म्हणजे याकोब यांच्याशी संसार मांडताना जे संरक्षण ॲना यांना नव्हते, ते दुसऱ्या विवाहाच्या वेळी उपलब्ध होते. ओस्वाल्ड अग्रलेख आणि शहराचे राजकारण पाहत, तर व्यवस्थापन ॲना यांच्याकडे राही, आणि ही वाटणी त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत टिकली. संपादकांची पत्नी अशी त्यांची ओळख करून देण्याचा प्रघात असला, तरी संपादक त्यांच्या कचेरीत आले होते, त्या संपादकांच्या घरात आलेल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे लागते.

१८७३ मध्ये वृत्तपत्र सिटी हॉलसमोरच्या स्वतःच्या भव्य इमारतीत गेले. तिच्या दर्शनी भागावर गुटेनबर्ग आणि फ्रँकलिन या दोन मुद्रकांचे पुतळे होते. पुढे संस्थेचे भागभांडवली कंपनीत रूपांतर झाल्यावर ॲना यांच्या सूचनेवरून कामगारांना वार्षिक पगारावर दहा टक्के लाभांश मिळू लागला.

मुलांचे मृत्यू त्यांच्या देणग्यांमागे स्पष्ट दिसतात. १८७५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ॲस्टोरिया येथे वृद्ध स्त्रियांसाठी उभारलेल्या आश्रमाला दिवंगत मुलगी इझाबेला हिचे नाव दिले गेले. १८८१ मध्ये मुलगा हेर्मान उल याच्या स्मरणार्थ अमेरिकेतील जर्मन शिक्षणासाठी निधी ठेवला गेला. १८८२ मध्ये जर्मन रुग्णालयात, म्हणजे आजच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात, स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग त्यांच्या पैशातून उभा राहिला. या कार्यासाठी जर्मनीच्या सम्राज्ञी आउगुस्टा यांनी १८८३ मध्ये त्यांना पदक दिले.

न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यूवरील दोन जोडइमारती ही त्यांची सर्वाधिक परिचित खूण. वास्तुकार विल्यम शिकेल यांनी बांधलेल्या या लाल विटांच्या इमारतींपैकी १३७ क्रमांकाची जर्मन दवाखान्यासाठी आणि १३५ क्रमांकाची मोफत ग्रंथालयासाठी होती. दवाखान्याच्या दर्शनी भागावर हिप्पॉक्रेटिस, गेलेन, हार्वी अशा वैद्यकशास्त्रज्ञांचे भाजक्या मातीतले अर्धपुतळे आहेत, तर ग्रंथालयावर घुबड, पृथ्वीगोल आणि ग्रंथ कोरलेले आहेत. दारावर ‘फ्राये बिब्लिओटेक उंड लेझेहाले’ (मोफत ग्रंथालय व वाचनालय) अशी अक्षरे आजही वाचता येतात. दवाखाना मुख्यतः ॲना यांच्या आणि ग्रंथालय ओस्वाल्ड यांच्या पुढाकाराने झाले असे मानतात. ग्रंथालय १८८४ च्या डिसेंबरमध्ये उघडले, तेव्हा ॲना यांना जाऊन आठ महिने झाले होते. सुरुवातीच्या ८,८१९ पुस्तकांपैकी सुमारे निम्मी जर्मन आणि उरलेली इंग्रजी होती. हे प्रमाण बोलके आहे, कारण भोवतालच्या ‘क्लाइनडॉइचलांट’ (छोटी जर्मनी) या जर्मन वस्तीत आईवडील जर्मनमध्ये वाचत होते आणि मुले शाळेत इंग्रजी शिकत होती.

ओस्वाल्ड १९०० मध्ये वारले. १९०४ च्या जून महिन्यात ‘जनरल स्लोकम’ ही सहलीची आगबोट पेटून याच वस्तीतील हजाराहून अधिक माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, दगावली आणि आधीच उत्तरेकडे सरकू लागलेली जर्मन कुटुंबे वेगाने यॉर्कव्हिल भागात गेली. दवाखानाही १९०५ मध्ये तिकडेच हलला. ग्रंथालय मात्र आता न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा म्हणून मूळ जागीच आहे, आणि इझाबेला आश्रमाचे काम न्यूयॉर्कच्याच वॉशिंग्टन हाइट्स भागात चालू आहे.