झाडाखाली काढलेल्या फोटोत चेहरा हिरवट का येतो?

प्री-वेडिंग शूट करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, दुपारचं ऊन नको म्हणून जोडप्याला झाडाखाली लॉनवर बसवलं की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो एकदम झकास, आणि घरी येऊन मॉनिटरवर उघडला की नवरीच्या हनुवटीखाली हिरवी झाक. मग शिव्या कॅमेऱ्याला. अहो, पानातलं क्लोरोफिल लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा त्या मानाने बराच सोडून देतं, तोच वरून पानांतून गाळून आणि खालून गवतावरून उसळून तोंडावर पडतो. तिथे उभं असताना आपल्याला ते जाणवत नाही कारण मेंदू परस्पर हिशोब जुळवून टाकतो, पांढरा शर्ट सावलीतही पांढराच वाटतो ना, तसं. सेन्सर मात्र पडेल तो प्रकाश मोजतो.

बरं, भानगड एकट्या हिरव्याची नाही. दुपारचं ऊन साधारण 5500 केल्विनचं (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की उजेड निळसर), पण मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत नुसता आकाशाचा निळसर उजेड, तो 7000-8000 पर्यंत जातो. म्हणजे एकाच चेहऱ्यावर कपाळ निळसर, हनुवटी हिरवट आणि पानांतून आलेला उन्हाचा कवडसा गालावर पिवळा! एडिटिंग सॉफ्टवेअरमधला टिंटचा स्लायडर मॅजेंटाकडे, म्हणजे हिरव्याच्या उलट गुलाबी-जांभळ्या रंगाकडे ओढला की हनुवटी सुधारते पण साडीची पांढरी किनार गुलाबी होऊन बसते. म्हणून फक्त गळा-हनुवटीवर मऊ कडेचा मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारी निवड) टाकायचा आणि तेवढ्यातच मॅजेंटा थोडा थोडा वाढवायचा, जबड्याच्या रेषेवर रंगाचा जोड दिसायला लागला की थोडं मागे यायचं. आणि हे रॉ फाइलवर (सेन्सरने मोजलेलं जवळपास जसंच्या तसं ठेवणारी फाइल) करा, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिट रॉमध्ये 16,384, त्यामुळे सावली उचलली तरी चट्टे पडत नाहीत.

त्वचा गुळगुळीत करायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. पण प्रकाश कातडीवरून नुसता परततो असं नाही, थोडा आत शिरतो, वर मेलॅनिन, खाली रक्त, त्यातून पसरून बाहेर येतो, लाल सगळ्यात खोल जातो (पाठीमागून ऊन आलं की कान लालबुंद दिसतात ते यामुळेच). सरसकट ब्लर मारला की रंध्रं आणि रंगातले बारीक फरक दोन्ही जातात आणि माणूस प्लास्टिकचा होतो. त्यापेक्षा फ्रीक्वेन्सी सेपरेशन करा, म्हणजे फोटोचे दोन थर करायचे, रंगाचे मोठे डाग एका लेयरवर, रंध्रं दुसऱ्यावर, मग डाग काढा, रंध्रं राहू द्या. "दादा, जरा गोरं करा ना" याला मी तरी सरळ नाही म्हणतो. सावळ्या त्वचेचा ब्राइटनेस नुसता वर ढकलला तर ती राखाडी पडते, गोरी कुठली व्हायला!

एडिटिंगचा हात बसला की शूटच्या वेळीच नजर आपोआप हनुवटीखाली जायला लागते, आणि खरी प्रगती मला ती वाटते. गवतावर थर्माकोलची पांढरी शीट टाका, नाहीतर माणसाला सावलीच्या कडेला आणून तोंड मोकळ्या आभाळाकडे करा, निम्मं काम तिथेच संपतं. सराव करायचा तर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कुठल्या उजेडाला पांढरा धरायचं ती सेटिंग) 5500 वर लॉक करून एकाच माणसाला हातात कोरा कागद देऊन झाडाखाली, इमारतीच्या सावलीत आणि कोकणात असाल तर उन्हातल्या जांभ्याच्या भिंतीशेजारी उभं करा, घरी तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावा आणि चेहऱ्याआधी कागदाचा रंग बघा.