बेनी: करडईच्या फुलातून आलेला जपानी लाल

जुन्या जपानी किमोनोत किंवा बाहुल्यांच्या ओठांवर जो खोल, जरासा गुलाबीकडे झुकणारा लाल दिसतो ना, तो बेनी, कापडावर गडद चढला की त्याला कुरेनाई म्हणतात. आणि तो निघतो कशातून, तर करडईच्या फुलातून! सोलापूर-मराठवाड्यात जिचं तेल काढतात, कोवळ्या पाल्याची भाजी करतात तीच काटेरी करडई, जपानीत बेनीबाना. आपला जुना कुसुंबी रंगही याच फुलाचा. पण जपानमध्ये या एका रंगापायी कायदे झाले, बोटी चालल्या, फॅशनी आल्या, आणि मला विचाराल तर या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, तो रंग भयंकर महाग पडायचा.

का महाग, ते आधी बघू. करडईच्या पाकळीत पिवळा रंग भरपूर असतो, लाल जेमतेम शेकडा एक. पिवळा साध्या पाण्यात धुतला जातो, लाल मात्र राखेच्या क्षारी पाण्यातच सुटतो आणि मग आंबट काहीतरी घातलं की तो कापडावर बसतो. हे आंबट म्हणजे ऊबाई, धुरावर काळी केलेली उमेची (जपानी आलुबुखारासारखी आंबट) फळं, नारा भागातल्या त्सुकिगासे गावची प्रसिद्ध. कापड गडद हवं तर हेच परत परत करायचं, आणि दरवेळी नवी फुलं लागणार.

फूल आलं आशिया खंडातून, कोरिया-चीनच्या वाटेनं. नारा भागातल्या माकिमुकु इथे तिसऱ्या शतकातल्या मातीत त्याचे परागकण सापडलेत, म्हणजे तेव्हापासून ते तिथे आहे. पुढे हेइआन काळात (७९४ ते ११८५) दरबारानं कोणी कुठला रंग घालायचा हे ठरवून टाकलं, गडद कुरेनाई वरच्या लोकांसाठी, बाकीच्यांना फिका गुलाबी चालेल. त्या फिक्याचंही माप ठरलेलं, साधारण ६०० ग्रॅम फुलात रेशमाचे दोन तागे, त्याला इक्कोनझोमे म्हणायचे. म्हणजे अंगावरच्या रंगावरून माणूस किती फुलं परवडणारा आहे ते कळायचं.

एदो काळात (१६०३ ते १८६८) या फुलाचं मोठं केंद्र झालं उत्तरेकडचं मोगामी, आजचं यामागाता. तिथे म्हण आहे की हांगेच्या दिवशी, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला, शेतात एकच फूल आधी उमलतं आणि मग बाकीची. तोडणी भल्या पहाटे, कारण दवानं काटे मऊ असतात, ऊन चढलं की हात सोलून निघतात (करडई काढणाऱ्याला हे सांगायलाच नको, फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याचं वाण काढलं ते उगाच नाही). पाकळ्या धुवायच्या, आंबवायच्या, कुटून चपट्या वड्या करून वाळवायच्या, याला बेनीमोची म्हणतात. त्या मोगामी नदीतून साकाता बंदरात, तिथून समुद्रानं त्सुरुगाला, मग बिवा सरोवर ओलांडून क्योटोला. परतीच्या बोटींतून क्योटोच्या हिना बाहुल्या, म्हणजे मुलींच्या सणाला मांडायच्या बाहुल्या, यायच्या, यामागातातल्या काही जुन्या घरांमध्ये त्या अजून जपून ठेवल्यात. १६८९ मध्ये कवी बाशो ओबानाझावाला थांबला तो याच फुलांच्या एका व्यापाऱ्याकडे, आणि त्याच प्रवासात त्यानं या फुलावर हायकूही केली. पण वड्या बनवणारं मोगामी आणि त्यातून रंग काढून खरा पैसा कमावणारं क्योटो, ही विभागणी मला खटकते, काटे एकाच्या हातात आणि लाल दुसऱ्याच्या अंगावर.

एदोच्या (म्हणजे आजच्या टोकियोच्या) शोगुन, म्हणजे लष्करी सरदाराच्या, सरकारनं व्यापाऱ्यांच्या भपक्यावर वेळोवेळी बंदी घातली, मग लोकांनी काय केलं, वरून साधा किमोनो आणि आत लालभडक अस्तर! त्या लाल रेशमी अस्तराला मोमी म्हणायचे.

बायकांच्या ओठांवरचा बेनी तर अजून भारी. छोट्या वाटीच्या आतून तो लावून वाळवायचा, वाळला की लाल न दिसता भुंग्याच्या पाठीसारखा हिरवा चमकतो, ओल्या ब्रशनं उचलला की परत लाल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खालच्या ओठावर थरावर थर लावून तोच हिरवा चमकवायची फॅशन आली, सासाइरो-बेनी. बेनी सोन्याच्या भावाचा, त्यामुळे ज्यांना परवडत नव्हतं त्या आधी ओठाला काळी शाई लावायच्या आणि वर पातळसा बेनी, चमक तशीच यायची. १८२५ मध्ये एदोत सुरू झालेलं इसेहान हे दुकान असा वाटीतला बेनी आजही बनवतं.

मेइजी काळात (१८६८ ते १९१२) स्वस्त आयात फुलं आणि कृत्रिम रंग आले आणि मोगामीची शेती बघता बघता बसली. पूर्ण मेली मात्र नाही, १९८२ मध्ये यामागातानं बेनीबाना हे आपलं प्रांताचं फूल ठरवलं, २०१८ मध्ये तिथल्या या परंपरेला जपान हेरिटेजचा दर्जा मिळाला. आणि नाराच्या तोदाइजी मंदिरात ७५२ पासून चालत आलेल्या ओमिझुतोरी विधीसाठी कागदाची कॅमेलिया फुलं करतात, त्यांचा लाल कागद क्योटोचा योशिओका रंगारी कारखाना अजूनही बेनीबानातच रंगवतो, पेंढ्याची राख आणि ऊबाई वापरूनच.