टक्क्यांचा दाखला आणि कॉलेजातली नोंदणी

बारावीचा निकाल लागून पदवीचे प्रवेश सुरू होतात तेव्हा कोकणात पाऊस धरलेला असतो. प्रवेश अर्जात दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी विचारलेली असते. अर्ज भरणाऱ्या मुलीला पेपर लिहायला किती वेळ लागतो, जिना चढवतो का, मागच्या बाकावरून फळा दिसतो का, हे अर्ज विचारत नाही. गरजेच्या जागी आकडा कसा येऊन बसला, ते समजायला तीसेक वर्षं मागे जावं लागतं.

1995 पर्यंत देशात यासाठी कायदाच नव्हता. सवलत मिळायची ती प्राचार्यांच्या भलेपणावर. कुणी मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणायचे, कुणी 'जमत नसेल तर बाहेरून परीक्षा दे' म्हणायचे. अपंग व्यक्ती अधिनियम 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला आणि सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत 3 टक्के जागा आल्या. पण त्यात अपंगत्वाचे प्रकार सातच होते, आणि 40 टक्क्यांच्या आत असलेला माणूस कायद्याच्या लेखी अपंगच नव्हता. लेखनिक (विद्यार्थी सांगेल तसा पेपर लिहून देणारा) पुरवायची जबाबदारी संस्थेवर टाकणारं कलम होतं, तेही फक्त अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी. ज्याचे हात थरथरतात, त्याचा उल्लेख तिथे नव्हता.

हे टक्के ठरायचे सरकारी दवाखान्याच्या वैद्यकीय मंडळापुढे. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच, सिव्हिल गाठायचं. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि सावंतवाडी-कुडाळच्या लोकांची जिल्ह्याची वाट रत्नागिरीऐवजी ओरोसला वळली. उत्तरेकडच्या मंडणगड-दापोलीला मात्र जिल्हा लांबच राहिला. कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला पहाटेची एसटी पकडून, बोर्ड ज्या दिवशी बसतं त्याच दिवशी पोचायचं. त्या दिवशी हाडांचे डॉक्टर रजेवर असले, तर पुन्हा तीच एसटी. या हेलपाट्यांमुळे किती मुलांनी दाखल्याचा नाद सोडला असेल, या विचाराने आजही जीव तुटतो.

अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनातल्या अडचणींची, गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्राने 1996 मध्ये दहावी-बारावीच्या अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या. देशात हे पाऊल फार लवकरचं होतं. पण 1995 च्या केंद्रीय कायद्यात डिस्लेक्सियाला जागा नव्हती, आणि तपासणीसाठी नावं घेतली जायची ती मुंबईच्या सायनसारख्या मोठ्या रुग्णालयांची. तळकोकणातल्या शाळेत अक्षरं उलटी काढणारा मुलगा त्यामुळे 'आळशी' या एका शब्दात निकालात निघायचा. तो कॉलेजपर्यंत आलाच, तर दाखवायला कागद काहीच नसायचा.

मुळातली कल्पना टक्क्यांची नव्हतीच. 'वाजवी सोय' हा शब्द अमेरिकेत 1972 मध्ये नोकरीच्या कायद्यात आला, तोही धर्माच्या संदर्भात: कामगाराला त्याच्या धर्माचा सुट्टीचा वार पाळता यावा म्हणून मालकाने जमेल तेवढी सोय करावी. पुढे तोच विचार अपंगत्वाच्या कायद्यांनी उचलला. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्कांच्या करारनाम्यात तो आला. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्याला मान्यता दिली, मात्र तो आपल्या कायद्यात उतरायला आणखी नऊ वर्षं लागली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. सातांचे एकवीस प्रकार झाले आणि अध्ययन अक्षमता त्यांत आली. उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सवलत मिळाली. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांसाठी अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल करावेत, असं कायद्यातच लिहिलं गेलं. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव ठरला. प्राचार्यांच्या मर्जीचा विषय तिथे संपायला हवा होता.

लेखनिकाचे नियम मात्र मागेपुढे होत राहिले. 2013 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाला शिक्षणाची किंवा वयाची अट घालू नये असं होतं. तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळही होता. 2018 मध्ये वेळ तेवढाच राहिला, पण स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली शिकलेला हवा, अशी अट आली. पुण्या-मुंबईत असा रायटर सापडायचा. देवगड किंवा गुहागरला तिसऱ्या वर्षाच्या मुलासाठी दुसऱ्या वर्षाचा मुलगा शोधायचा, तर त्याचीही परीक्षा त्याच दिवसांत असायची.

आणि 40 टक्क्यांची रेघ? ती पहिल्यांदा ठामपणे हलवली सर्वोच्च न्यायालयाने, 11 फेब्रुवारी 2021 रोजी. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि नागरी सेवा परीक्षेत त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितलं की 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, सोयीसाठी ती लावता येणार नाही. त्यानुसार 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्राने, 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असून लिहिताना अडचण येणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

म्हणून आज कॉलेजात नोंदणी करायची तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. राखीव जागेसाठी 40 टक्क्यांचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (केंद्राचं दिव्यांग ओळखपत्र) लागतं. परीक्षेतल्या सोयीसाठी, टक्के कमी असले तरी, लिहिण्यातल्या अडचणीचं वेगळं प्रमाणपत्र चालतं. हा दुसरा कागद खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नसण्याची शक्यता असते. केंद्राच्या चालू सूचनेची झेरॉक्स सोबत न्यावी, आणि अर्ज हॉलतिकीट येण्याची वाट न पाहता प्रवेशाच्या वेळीच द्यावा. त्या प्रमाणपत्राच्या 2022 च्या नमुन्यात सिव्हिल सर्जनसोबत सह्या करणाऱ्या तज्ज्ञांची यादी होती, आणि न्यूरॉलॉजिस्टपुढे कंसात 'उपलब्ध असल्यास' असं लिहिलेलं होतं. चालू नमुन्यातही तो कंस आहे का ते पाहावं, आणि असेल तर तज्ज्ञ नाही म्हणून कुणी परत पाठवायला लागल्यास त्यावर बोट ठेवावं.