ग्रंथपालाचं शिक्षण कपाटापाशीच होतं?

‘ग्रंथालयशास्त्रात शिकण्यासारखं काय? सहा महिने काउंटरवर बसा, सगळं येतं,’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चुकीचं आहे.

एक पुस्तक हातात घ्या: गीतेवरची ओवीबद्ध मराठी टीका. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं, तर भगवद्गीता २९४.५९२४ खाली. मग हे कुठे ठेवायचं? विषय आधी की साहित्यप्रकार, हे तत्त्व ठाऊक नसेल तर आजचं पुस्तक एका कपाटात आणि त्याचीच दुसरी प्रत उद्या दुसऱ्या कपाटात जाते. वाचक मात्र रिकाम्या हाताने परततो, आणि मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

उलट बाजूही तितकीच खरी. वर्गात वर्गांक, म्हणजे हे विषयवार क्रमांक, पाठ केलेल्याला नव्या पुस्तकांची दाखलनोंद वहीत नोंद करणं, कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत पुस्तकांची तालिका भरणं हाताने केल्याशिवाय जमत नाही.

सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं. १९११मध्ये तिथे प्रशिक्षणवर्ग सुरू झाला, तोही संस्थानभर ग्रंथालयं उभी राहत असतानाच. शिकणं आणि काम तिथे शेजारी-शेजारीच होतं.