100 ग्रॅमच्या आर्माडिलोचं आडनाव

परवा फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला, तळहातावर मावेल एवढा गुलाबी प्राणी, पाठीवर कवच आणि खाली पांढरी रेशमी लव. लगेच काकांचं "एआयने बनवलंय" आणि मामींचं "अगं हे तर खवले मांजर". दोघंही चुकले. हा पिंक फेअरी आर्माडिलो, अगदी खराखुरा, मध्य अर्जेंटिनातल्या वाळूत बिळं करून राहणारा, वजन साधारण 100 ग्रॅम. तिकडे त्याला पिचिसिएगो म्हणतात. खवले मांजर त्याचं कुणीच लागत नाही, डीएनए बघितला तर ते कुत्र्या-मांजरांच्या जास्त जवळचं, आणि आर्माडिलोचं सोयरं म्हणजे स्लॉथ आणि दक्षिण अमेरिकेतले मुंगीखाऊ. (आणि खवल्यांचं औषध करणाऱ्यांनो, ते आपल्या नखांतलंच केरॅटिन आहे, स्वतःची नखं कुरतडा, फुकटात काम होईल.)

शास्त्रीय नाव क्लॅमिफोरस ट्रंकॅटस, दिलं रिचर्ड हार्लन या अमेरिकन डॉक्टरने 1825 मध्ये, अर्जेंटिनातल्या मेंडोसाकडच्या नमुन्यावरून. क्लॅमिफोरस म्हणजे ग्रीकमध्ये झगा पांघरलेला, कारण कवच पाठीच्या कण्यालगत धरलेलं आणि दोन्ही बाजूंनी सुटं, खांद्यावर शाल टाकावी तसं. ट्रंकॅटस म्हणजे लॅटिनमध्ये छाटलेला, मागची बाजू सुरीने कापल्यासारखी सपाट आहे ना म्हणून. बॉटलनोज डॉल्फिनचंही दुसरं नाव ट्रंकॅटसच, पण म्हणून दोघं भाऊ होत नाहीत, नातं बघायचं तर पहिलं नाव आणि कुळ बघायचं.

आणि कुळाचीच गोष्ट मला भारी वाटते. पूर्वी सगळे आर्माडिलो डॅसिपोडिडे या एकाच कुळात होते. मग डीएनएवरून कळलं की त्यांच्यात फार जुनी फूट आहे, तेव्हा नऊपट्टी आर्माडिलो आणि त्याची भावंडं तिथेच राहिली, बाकीच्यांची वेगळी चूल. आता कुळाचं नाव आतल्याच एखाद्या प्राण्याच्या पहिल्या नावावरून बनवायचं आणि दावेदार जास्त असतील तर सगळ्यात आधी छापलेलं घ्यायचं असा नियम आहे, कोण केवढा मोठा हे कुणी विचारत नाही. त्यामुळे नाव पडलं क्लॅमिफोरिडे. 2016 मध्ये डोएडिक्युरस या नामशेष ग्लिप्टोडॉन्टच्या कवचातून जुना डीएनए मिळाला आणि तोही याच घरातला निघाला. ग्लिप्टोडॉन्ट म्हणजे टनभर वजनाची चालती चिलखतं, इतकी वर्षं त्यांचं स्वतंत्र कुळ होतं, आता ते उपकुळ झालंय आणि आडनाव लावतंय या 100 ग्रॅमवाल्याचं.