मोठी फाइल हलकी का चालते?

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ फोनवर विनातक्रार चालतो. तोच लॅपटॉपवरच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकला की चित्र अडखळतं, पंखा घरघरायला लागतो आणि कट कुठे मारायचा ते दिसेपर्यंत प्लेहेड, म्हणजे आपण व्हिडिओत कुठे आहोत ते दाखवणारी रेघ, पुढे निघून गेलेला असतो. जाणकार सांगतात, "आधी कन्व्हर्ट करून घे." कन्व्हर्ट केल्यावर तासाभराची पावणेआठ जीबीची फाइल ६६ जीबीची होते, आणि तोच लॅपटॉप ती सहज ओढतो. वजन आठपट वाढलं आणि काम सोपं झालं, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण प्रोसेसरला घाम फुटतो तो फाइलच्या आकारामुळे नव्हे, ती उलगडताना कराव्या लागणाऱ्या गणितामुळे.

फुल एचडी चित्राची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला एकेक बाइट दिली तर एका फ्रेमला ६.२ एमबी लागतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर मिनिटाचे ११ जीबीच्या वर होतात. आयफोन हेच मिनिट एच.२६४ पद्धतीने साधारण १३० एमबीत बसवतो, आणि एच.२६५ वापरलं तर त्याच्याही निम्म्यात. फाइल ऐंशीपटींहून लहान झाली आणि बघणाऱ्याला पत्ताही लागला नाही.

यातली काही काटछाट प्रत्येक फ्रेमच्या आतच होते. डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तेवढा कळत नाही; म्हणून रंगाची नोंद चार बिंदूंत मिळून एकच ठेवतात. मग चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन संथ आणि द्रुत लहरींच्या बेरजेच्या रूपात मांडतात, आणि नजरेला न जाणवणाऱ्या लहरी ढोबळ करून टाकतात. या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ते सुचलं बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना, १९७२ मध्ये, त्यांनी यावर काम करायला नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. अर्ज नामंजूर झाला. त्यांनी काम सोडलं नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा जेमतेम चार पानांचा शोधनिबंध १९७४ मध्ये छापून आला. आज जेपेग फोटो असो की फोनवरचा व्हिडिओ, पाया तोच आहे.

खरी मोठी बचत मात्र दोन फ्रेममधल्या साम्यातून होते. निवेदिका माइकसमोर उभी आहे, मागचा पडदा हलत नाही. मग तो पडदा सेकंदाला ३० वेळा कशाला लिहायचा? म्हणून एच.२६४ मध्ये अधूनमधून एखादीच फ्रेम पूर्ण लिहितात. ती आय-फ्रेम. पुढच्या पी-फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद असते, आणि बी-फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमवर विसंबून असते. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत रोजच्या रकमा लिहिल्या आहेत, पण एकूण बाकी फक्त एक तारखेलाच मांडली आहे, असं समजा. २३ तारखेला बाकी किती होती हे सांगायचं तर एक तारखेपासून बेरीज करत यावं लागेल.

सरळ पुढे बघत जाणाऱ्याची ही बेरीज आपोआप होत राहते. एडिटर असा बघत नाही. तो मधेच उडी मारतो, चार फ्रेम मागे येतो, क्लिप उलटी चालवून बघतो, दोन क्लिप एकमेकींवर ठेवतो. एक्स२६४ हा बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ एच.२६४ मध्ये बसवणारा प्रोग्राम. वेगळं काही सांगितलं नाही तर तो दोन आय-फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो. अशा फाइलच्या २४९व्या फ्रेमवर थांबायचं तर आधीच्या बहुतेक फ्रेम उलगडाव्या लागतात, आणि तिथून एक घर मागे यायचं म्हटलं तर पुष्कळदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ग्राफिक्स चिपमध्ये यासाठी वेगळी सोय असते, पण ती ठरावीक प्रकारच्या फाइलींनाच उपयोगी पडते. महागड्या कॅमेऱ्याची फाइल तगड्या मशीनवरही अडखळते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

चित्र आवळून लिहिण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या अशा पद्धतीला कोडेक म्हणतात. एडिटिंगसाठीचे कोडेक या काटकसरीवर पाणी सोडतात. अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचडी २००४ मध्ये आला, अ‍ॅपलचा प्रोरेस २००७ मध्ये. दोन्हींत प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असते. शेजारच्या फ्रेमला काही विचारावं लागत नाही. फुल एचडीत, सेकंदाला ३०च्या आसपास फ्रेम असतील तर प्रोरेस ४२२ चा एक तास ६६ जीबी घेतो. प्रोसेसरचा भार आता डिस्कवर येतो, म्हणून जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून अशा चार-पाच क्लिप एकदम चालवायला गेलं तर तीच आडवी येते.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे: कन्व्हर्ट केलं की क्वालिटी वाढते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा होत्या, ती १०२४ छटांच्या १० बिट फाइलमध्ये ओतली तरी छटा कमी पडल्याने आकाशात दिसणारे पट्टे तसेच राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या क्लिपला प्रोरेस केल्याने तिचं गेलेलं परत येत नाही. आणि कुठल्यातरी मोफत वेबसाइटवर एच.२६४ चं पुन्हा एच.२६४ करून घेण्यात तर निव्वळ तोटाच: चित्र आणखी खालावतं, अडखळणं तेवढंच.

पुष्कळदा तर कन्व्हर्ट करायची गरजच नसते. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही नुसती डब्यांची नावं. आत चित्र कोणत्या कोडेकमध्ये आहे ही गोष्ट निराळी. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामवर स्क्रीन रेकॉर्ड करणारे एमकेव्ही निवडतात ते शहाणपणाने, कारण नेहमीच्या एमपी४ मध्ये फ्रेमची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर सगळी फाइल बाद. एमकेव्हीत तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. काही एडिटिंग सॉफ्टवेअर एमकेव्ही उघडत नाहीत, तेव्हा ओबीएसमधलीच 'रीमक्स'ची सोय वापरावी. ती चित्राला हात न लावता फक्त डबा बदलते आणि पटकन आटोपते.

डोकं फिरवणारी अडचण वेगळीच आहे: सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज तासाभराने फारकत घेतात. याच्या मुळाशी पुष्कळदा बदलता फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा वेग, असतो. अंधाऱ्या सभागृहात एकेका फ्रेमला जास्त उजेड मिळावा म्हणून फोन मधूनच वेग कमी करतो. प्रत्येक फ्रेम केव्हा दाखवायची ते फाइलमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे फोनवर सारं ठीक दिसतं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने मांडायची जी पट्टी असते, त्या टाइमलाइनचे भाग मात्र सारखे असतात. फाइलची सरासरी २९.९७ आणि सॉफ्टवेअरने धरले ३०, एवढ्यानेही तासाला ३.६ सेकंदांची तफावत पडते. हँडब्रेक या मोफत प्रोग्रामात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल आधीच सरळ करून घेतली तर हे टळतं. फक्त त्याच वेळी ३० चे २५ करायचा मोह टाळावा. आपल्याकडे टीव्ही २५ फ्रेमचा, म्हणून लग्नाचे व्हिडिओवाले २५ वर शूट करतात हे खरं. पण ३० च्या फाइलमधली दर सहावी फ्रेम गाळली की कॅमेरा फिरताना चित्र धक्के खातं.

प्रत्येक फाइलचं प्रोरेस करायला जागा नसेल तर प्रॉक्सी करावी, आणि माझ्या मते घरगुती कामाला हाच मार्ग बरा. मूळ फाइलची लहान आकाराची, हलकी प्रत करायची, कापाकापी तिच्यावर करायची आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरला मूळ फाइल वापरू द्यायची. यात नवीन काही नाही. १९२४ मध्ये आलेल्या मूव्हिओला या संकलन यंत्रावर असो की पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या स्टीनबेक या संकलनाच्या टेबलावर, संकलकाच्या हाती मूळ निगेटिव्ह नसायची. तिची पॉझिटिव्ह प्रत तो कापायचा, सांधायचा, ओरखडे पडले तरी हरकत नसायची. निगेटिव्हच्या कडेला छापलेले आकडे प्रतीवरही उमटत, आणि ते जुळवून निगेटिव्ह कापणारा अखेरीस एकदाच कात्री लावत असे. आता त्या आकड्यांचं काम फाइलचं नाव आणि टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा आकडा, करतात. म्हणून प्रॉक्सी बनवल्यावर मूळ क्लिपचं नाव बदलू नये, तिचा फ्रेमरेट आणि आवाजाचे चॅनेल प्रॉक्सीतही तेवढेच ठेवावेत. नाहीतर सॉफ्टवेअरला जोडी जुळवता येत नाही आणि शेवटचा एक्स्पोर्ट त्या धुरकट प्रतीचाच निघतो.