संपीडन गुणोत्तर कमी करणे (जुनी एंजिने)

फेरबांधणी केलेल्या जुन्या पेट्रोल एंजिनात दट्ट्या सर्वांत वर असताना त्याच्या माथ्यावर उरणारी जागा मुद्दाम वाढवण्याची क्रिया. दट्ट्या झाडतो ती जागा अधिक ही उरलेली जागा, भागिले उरलेली जागा, म्हणजे संपीडन गुणोत्तर. नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठोकठोक) थांबवणे, किक उलटी बसू न देणे आणि क्रँकच्या बेअरिंगांवरचा भार हलका करणे, हे तिचे हेतू. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवला किंवा हेडचे फेसिंग केले (तळ घासून सपाट केला) की गुणोत्तर आपोआप चढते. त्यामुळे पुष्कळदा हे काम मूळ मूल्यावर परत येण्याचेच असते.

नॉकिंगच्या कारणाविषयी पूर्वी मतभेद होते. 1910 च्या सुमारास अमेरिकेत अभियंते केटरिंग यांच्या बॅटरी-प्रज्वलनाला (बॅटरीवर ठिणगी पाडण्याच्या पद्धतीला) दोष दिला जाई. नॉकिंग ठिणगीनंतर होते, म्हणजे दोष प्रज्वलनाचा नाही, असे केटरिंग यांचे सहकारी मिजली यांच्या प्रयोगांतून दिसले. ज्योत पोहोचण्याआधीच शेवटचा न जळलेला वायू आपोआप पेटतो, हे इंग्लंडमध्ये एंजिन-संशोधक रिकार्डो यांनी मांडलेले मत आज अधिक ग्राह्य धरतात. डिसेंबर 1921 मध्ये पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टेट्राएथिल शिशाचा नॉकिंग रोखण्याचा गुण ध्यानात आला आणि पुढे गुणोत्तरे वाढत गेली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झाले.

किती जागा वाढवायची ते आकडेमोडीने ठरते. रॉयल एन्फील्डच्या 350 बुलेट मोटारसायकलचा बोअर 70 मिमी. व स्ट्रोक (दट्ट्याची धाव) 90 मिमी.; म्हणजे दट्ट्या सु. 346 घ.सेंमी. जागा झाडतो. फेरबांधणीनंतर गुणोत्तर 8 भरले, तर वरची जागा 346 भागिले 7, म्हणजे 49.5 घ.सेंमी. गुणोत्तर 7 हवे असल्यास 57.7 लागेल. फरक 8.2 घ.सेंमी.; बोअरचे क्षेत्रफळ 38.5 चौ.सेंमी. असल्याने सिलिंडर सु. 2.1 मिमी. उचलावे लागते. मूळ जागा मोजताना एंजिन कलते करून प्लगचे भोक सर्वांत वर आणतात व ब्यूरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) पातळ तेल भरतात. प्लगच्या आट्यांतली जागा वजा करतात. रिंगांतून तेल झिरपले तर जागा जास्त व गुणोत्तर खोटेच कमी दिसते, म्हणून दट्ट्याच्या कडेला आधी ग्रीस लावावे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सिलिंडरच्या बुडाशी ॲल्युमिनियमची प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग लागते, तेल परतीची भोके राखावी लागतात, आणि हेड वर गेल्याने पुशरॉड (झडपा उघडणारे दांडे) आखूड पडतात. बुलेटमध्ये पुशरॉडच्या खालचे ॲडजस्टर (लांबी जुळवणारे स्क्रू) थोडे पुरतात, पण आटे धोक्याइतके बाहेर येऊ देऊ नयेत. हेडखाली तांब्याचे जाड पॅकिंग घातले तर ते मंद लाल तापवून पाण्यात बुडवून मऊ करावे. कडक तांबे दाबले जात नाही आणि वायू फुटतो.

दोन्ही उपायांची एक खोट आहे. दट्ट्याची सपाट कड आणि हेड यांतली 1 मिमी.च्या आसपासची फट 3 मिमी. झाली की मिश्रणाची घुसळण संपते. गुणोत्तर उतरूनही नॉकिंग तसेच राहू शकते. म्हणून अशी फट असलेल्या हेडात माथ्यात वाटी असलेला दट्ट्या घेणे श्रेयस्कर. जुना दट्ट्या लेथवर खरवडायचा तर आधी माथ्याची जाडी मोजावी. तो पातळ झाला तर वितळून भोक पडते. अर्धगोलाकार हेडात फटीचा प्रश्न कमी असल्याने प्लेट चालते.

8 वरून 7 वर आल्यास सैद्धांतिक कार्यक्षमता सु. 4 टक्के घटते. मिश्रण हळू जळू लागते, म्हणून ठिणगीचे टायमिंग किंचित पुढे (ठिणगी थोडी आधी) घ्यावे लागते. तसे न केल्यास सायलेन्सरचा बेंड निळा पडतो. पहिल्या तापवणीनंतर एंजिन थंड करून हेडचे नट पुन्हा आवळतात व त्यानंतरच टॅपेटची (झडपांच्या दांड्यांची) फट लावतात.